कढईवर पाणी का नको आणि गॅसच्या वासात बटण का नको

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे अनेक जवान त्यात गेले, त्यांची ही आठवण. नागपुरात हा सप्ताह पारा चाळिशी ओलांडत असतानाच येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रेमधलं डिझेल पेटवून लाल डब्यानं विझवून दाखवतात, लोक मोबाइलवर टिपतात आणि आपापल्या घरी वर जातात. वर फोडणीच्या कढईनं पेट घेतला तर हाताशी तो लाल डबा नसतो. हाताशी असतो माठ आणि त्यावरचा गडू, आणि बहुतेकांचा हात तिकडेच जातो.

अग्निशमन अधिकारी घडवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या शहरात आहे. गॅस सिलिंडरचे नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालयही इथलंच. तरी ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करावं हे क्वचितच कुणी समजावून सांगितलेलं असतं.

आग कशावर जगते

आगीला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, हवेतला ऑक्सिजन आणि पुरेशी उष्णता. यातली एक काढून घेतली की आग संपते. लाकूड, कापड, कागद यांच्या आगीवर पाणी चालतं, कारण ते उष्णता खेचून घेतं. स्वयंपाकघरातल्या दोन मुख्य आगी मात्र तेलाची आणि गॅसची. तेलाच्या आगीची हवा तोडायची असते. गॅसच्या आगीचा गॅस.

तेल पेटतं कसं

वडाभाताचे वडे असोत की कुरडया, तळण साधारण १७० ते १९० अंशांवर होतं. सोयाबीनचं रिफाइंड तेल २३० च्या आसपास धुरायला लागतं. तसंच तापत राहिलं तर तीनशेच्या पुढे त्याच्या वाफा इतक्या दाट होतात की कढईखालच्या ज्वाळेनं पेट घेतात. साडेतीनशेच्या पुढे बाहेरची ज्वाळाही लागत नाही, तेल आपणहून पेटतं. म्हणजे आग अचानक लागत नाही. आधी धूर येतो, डोळे चुरचुरतात, खमंग वासाचा जळका वास होतो. तेवढ्यात गॅस बंद केला तर काहीच घडत नाही.

माझ्या मते तळणापेक्षा फोडणी जास्त धोक्याची. तळताना माणूस झारा घेऊन समोर उभा असतो, कढईत तेलही भरपूर असतं, ते तापायला वेळ लागतो. फोडणीचं तेल दोन-तीन पळ्या, आच मोठी, आणि ‘तोवर कांदा चिरून घेऊ’, ‘तोवर दार उघडून येऊ’ असं चाललेलं. थोडं तेल झपाट्यानं तापतं, काही मिनिटांत धुराच्या पुढे जातं. तर्रीसाठी तेल सढळ हातानं पडतं तिथे तर दोन्ही धोके एकत्र येतात. तेल चढवलं की ओटा सोडायचा नाही. सोडावाच लागला तर गॅस बंद करून जायचं. या एका सवयीनं जेवढ्या आगी टळतील तेवढ्या कुठल्याही उपकरणानं टळणार नाहीत.

जवसाच्या तेलाबद्दल जाता जाता. लाकडी दारांना ते चोळून झाल्यावर भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेशी संयोग पावून वाळतं आणि वाळताना उष्णता सोडतं. फडक्याच्या गोळ्यात ती कोंडली तर फडकं काडी न लावता पेटू शकतं. ते उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मग पाणी का नको?

पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते बुडाशी जातं. तिथे तेल तीनशेच्या वर तापलेलं असतं आणि पाणी तर शंभरालाच उकळतं. त्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. दोनशे मिलिलिटरचा एक गडू म्हणजे साडेतीनशे लिटरच्या आसपास वाफ. ती वर उसळताना पेटतं तेल थेंबाथेंबानं हवेत उडवते, प्रत्येक थेंबाला चहूकडून ऑक्सिजन मिळतो आणि कढईएवढी आग छतापर्यंत जाते. समोर उभ्या माणसाचा चेहरा आणि हात त्यात सापडतात.

करायचं ते असं. हात ज्वाळेवरून न्यावा लागत नसेल तर शेगडीचं बटण बंद करा. कढईपेक्षा मोठं धातूचं झाकण किंवा परात आपल्या बाजूनं पुढे सरकवत कढईवर आणा. वरून आदळू नका, तेल उडेल. झाकण आपल्या आणि ज्वाळेच्या मधे ढालीसारखं धरलेलं राहतं, हा सरकवण्याचा दुसरा फायदा. झाकल्यावर आतला ऑक्सिजन संपतो आणि आग विझते, पण तेल अजून पेटण्याइतकं गरमच असतं. ‘विझली का’ म्हणून झाकण उचललं की हवा आत जाते आणि ते पुन्हा भडकतं. किमान अर्धा तास हात लावू नका. बटणापर्यंत पोचता येत नसेल तर रेग्युलेटर बंद करा.

पेटलेली कढई उचलून मोरीत किंवा गॅलरीत नेण्याचा मोह सगळ्यात घातक. चालताना ज्वाळा आपल्याच अंगाकडे वळतात, हात भाजतो आणि तेल पायांवर सांडतं. ती आहे तिथेच राहू द्या.

झाकण सापडलं नाही तर मीठ, सोडा, पीठ?

खायचा सोडा तापला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे छोट्या आगीवर तो चालतो. पण चिमूटभर नाही, अख्खं पाकीट लागतं, आणि एवढा सोडा किती घरांत असतो? मीठही भरपूर लागतं. गव्हाचं पीठ किंवा बेसन कधीच नको. हवेत उडालेलं पीठ स्वतःच भपकन पेटतं. त्यापेक्षा तेल चढवण्याआधी परात काढून ओट्यावर ठेवा. वरच्या मांडणीतली परात आगीच्या वेळी उपयोगाची नाही, कारण तिच्यासाठी हात ज्वाळेवरूनच न्यावा लागतो.

‘सिलिंडरचा स्फोट’ म्हणजे नेमकं काय फुटतं?

अशा बातम्यांनंतर बऱ्याचदा सिलिंडर जागच्या जागी, अख्खा सापडतो आणि भिंत मात्र पडलेली असते. कारण फुटते ती खोलीत साठलेली गॅस आणि हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के असेल तेव्हाच ठिणगीनं पेटतो. याला स्फोटक मर्यादा म्हणतात. त्याहून कमी असला तर पेटत नाही, त्याहून जास्त असला तर पेटायला हवा पुरत नाही.

हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला की सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, उतार शोधतो, मोरीच्या जाळीत उतरतो, उंबरठ्याशी अडतो. दहा बाय दहाच्या खोलीचा अंदाज घ्या. गॅस खोलीभर सारखा मिसळला तर २ टक्के व्हायला सव्वा किलोच्या आसपास गळावा लागेल. पण तो तळाशीच साठला तर दीडशे ग्रॅममध्येही जमिनीलगतचा फूट-सव्वा फुटाचा थर पेटण्याजोगा होऊ शकतो. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या सिलिंडरमधून दीडशे ग्रॅम गेले तर वजनावरून कुणाला कळणारही नाही.

म्हणूनच मॉड्युलर ट्रॉलीत बंद करून ठेवलेला सिलिंडर दिसायला कितीही नीट वाटला तरी मला पटत नाही. ठेवायचाच असेल तर त्या कप्प्याला अगदी जमिनीलगत हवा जायला मोकळी फट हवी. वरच्या बाजूला भोकं पाडून उपयोग नाही.

वास आला की काय करायचं

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन घालतात. तो वास आला की कुठलंही बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. लोक पहिली आज्ञा लक्षात ठेवतात, दुसरी विसरतात. दिवा बंद करतानाही बटणाच्या आत बारीक ठिणगी उडते. एक्झॉस्ट फॅन तर मुळीच नको. गॅस ओढला जाईल तो त्याच्या मोटारीवरूनच. दाराची बेल, लायटर, मोबाइल हेही बाहेर पडेपर्यंत नको.

शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या उघडा, गॅलरीचं दार आधी, कारण ते जमिनीपर्यंत उघडतं आणि तळाचा गॅस तिथूनच निघतो. सुपानं किंवा पुठ्ठ्यानं खाली खाली वारा घालत गॅस बाहेर लोटला तर चालेल. वास येतच राहिला तर रेग्युलेटर काढून सिलिंडरवर सुरक्षेचं टोपण बसवा. मीटरची पेटी घराबाहेर किंवा जिन्यात असेल तर मेन स्विच तिथून बंद करा. घरात असेल तर त्याला हात लावू नका. मग सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि बाहेरून १९०६ या चोवीस तास चालणाऱ्या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा.

फ्रिज स्वयंपाकघरात असेल तर एक गोष्ट आणखी. त्याचा कॉम्प्रेसर आपोआप चालू-बंद होतो आणि त्यातही ठिणगी उडू शकते. म्हणून ‘आपण काही पेटवलं नाही’ म्हणून घरातच थांबणं बरोबर नाही. पहाटे उठून देवापुढे दिवा लावायच्या आधी नाक क्षणभर जागं ठेवावं. देवघर स्वयंपाकघरातच असणाऱ्या घरांत तर नक्कीच.

वृद्धांना किंवा सर्दी झालेल्यांना बऱ्याचदा वास येत नाही. अशा घरात गॅसगळती ओळखणारं यंत्र लावा, पण ते जमिनीपासून फूटभर उंचीवर. शेगडीच्या वर भिंतीत लावलेलं यंत्र पाइपनं येणाऱ्या गॅससाठी ठीक, कारण तो हवेपेक्षा हलका असतो. सिलिंडरच्या गॅससाठी ते उशिरा वाजेल.

नागपूरचा कूलर

कूलरचा झोत हॉलमधून थेट ओट्यावर येणारी घरं इथे पुष्कळ. मंद आचेवर दूध ठेवलेलं असतं, झोतानं ज्वाळा विझते आणि बटण उघडंच राहतं. दूध उतू जाऊनही हेच होतं. कूलरच्या आवाजात ते ऐकू येत नाही आणि वारा वास पातळ करतो. कूलरची दिशा ओट्यापासून वळवा. नवी शेगडी घेताना ज्वाळा विझताच गॅस आपोआप तोडणारी मिळते का ते विचारा.

कूलरचं गवत कोरडं असताना काडीसारखं जळतं. हंगामाच्या सुरुवातीला पंप न लावता नुसता पंखा चालवून ‘मोटर बघू’ म्हणताना जुन्या मोटारीतून ठिणगी पडली तर पेटायला एवढं पुरतं. आधी पाणी भरा, गवत भिजू द्या.

‘पंचेचाळीस अंशांत सिलिंडर फुटेल का?’ हेही विचारलं जातं. सावलीत ठेवलेला सिलिंडर उन्हाळ्यानं फुटत नाही. भरतानाच त्याचा सुमारे पाचवा हिस्सा मोकळा ठेवतात, आतल्या द्रवरूप गॅसला फुगायला जागा मिळावी म्हणून. उघड्या गच्चीवर उन्हात मात्र ठेवू नका. आणि बाहेरून आगीनं शेकला जाणारा सिलिंडर ही वेगळीच गोष्ट आहे. तो खरोखर फुटू शकतो. तिथे थांबायचं नाही.

नळी, रेग्युलेटर आणि सिलिंडरवरची तारीख

सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी २७’ लिहिलं असेल तर जून २०२७ पर्यंत त्याची पुढची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटलेला सिलिंडर घेऊ नका. आणून देणाऱ्याला टोपण काढून व्हॉल्व्हमधली काळी रबरी कडी जागेवर आहे का ते दाखवायला सांगा. गळतीचं एक नेहमीचं कारण म्हणजे तीच चिरलेली किंवा गहाळ झालेली कडी.

नळी आयएसआय खुणेची, आत तारेची जाळी असलेली, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली. तिचं आयुष्य पाच वर्षं. साल तिच्यावरच छापलेलं असतं. दोन तुकडे जोडलेली नळी, शेगडीच्या मागून किंवा खालून नेलेली नळी, ‘मळू नये’ म्हणून कापड गुंडाळलेली नळी, तिन्ही नको. कापडाखाली भेग दिसत नाही आणि तेलकट कापड उंदरांनाही आवडतं. गळती तपासायला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून बघणारे अजून आहेत!

सिलिंडर उभाच हवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. ‘संपत आला’ म्हणून आडवा केला की वायूऐवजी द्रव बाहेर येतो, आणि द्रवाचा वायू होताना तो सुमारे अडीचशे पट पसरतो. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करा. शेगडीचं बटण बंद असलं तरी उघड्या रेग्युलेटरमुळे नळीत गॅस भरलेलाच राहतो.

‘पण रेग्युलेटरपाशी आग लागली तर ती आत शिरेल ना?’ नाही. आत हवा नाही आणि दाब बाहेरच्या दिशेनं आहे. ज्वाळा लहान असेल आणि हात पोचत असेल तर ओलं पोतं किंवा ओला टॉवेल हाताला आणि रेग्युलेटरला गुंडाळून तो बंद करा. गॅस तुटला की आग गेली. नुसती फुंकून किंवा पाणी मारून ज्वाळा विझवली आणि गॅस चालूच राहिला तर आगीच्या जागी स्फोट मिळतो. बंद होत नसेल तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा.

एमसीबी आहे, मग वायरिंगची काळजी कशाला?

एमसीबी म्हणजे प्रवाह मर्यादेपेक्षा जास्त झाला की पडणारं स्वयंचलित बटण. सैल जोडणी त्याला कळत नाही. तिथे प्रवाह नेहमीचाच असतो, पण सैल सांध्यात उष्णता साठते, प्लॅस्टिक वितळतं. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढते, आणि आपण ती सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर मिक्सरच्या शेजारी लावतो. तिला १६ अँपिअरचं, भिंतीतलं सॉकेट आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. प्लगची पिन काळवंडली, बोर्ड गरम लागला, माशासारखा वास आला तर वापर थांबवा. एमसीबी वारंवार पडते म्हणून मोठ्या अँपिअरची बसवून घेणं म्हणजे पहारेकऱ्याला सुट्टी देणं. वायर तीच राहते आणि जळते. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबीही असावी, ती विजेचा धक्का आणि जमिनीत गळणारा प्रवाह पकडते.

लाल डबा घ्यावा का?

घ्या, दोन किलोचा, एबीसी पावडरचा, आयएसआय खुणेचा. पण तो आठ-दहा सेकंदांत संपतो. स्वयंपाकघराच्या आत नव्हे, दाराबाहेर टांगा, म्हणजे आग असतानाही तो हाती येईल. पिन ओढायची, दोन मीटरवरून नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखायची, दाबायचं, आडवं फिरवायचं. पेटलेल्या कढईवर आधी झाकणच. जवळून मारलेल्या पावडरच्या झोतानं तेल उडतं, आणि पावडर तेल थंड करत नसल्यानं ते पुन्हा पेटूही शकतं. डब्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते महिन्याला एकदा बघा.

विझवायची की पळायचं?

ज्वाळा कढईबाहेर पसरली, पडदे किंवा वरचं कपाट पेटलं, किंवा धूर डोक्याच्या उंचीपर्यंत उतरला की विझवणं सोडा. घरातल्या आगीत ज्वाळेआधी धूर मारतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. खाली वाकून, रांगत बाहेर या, स्वयंपाकघराचं दार मागे ओढून घ्या. लिफ्ट नको. गॅलरीला पक्की लोखंडी ग्रिल असेल तर तिला आतून उघडणारा एक भाग करून घ्या आणि किल्ली घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या खिळ्यावर ठेवा. इतवारी-महालच्या गल्ल्यांत बंब शिरायला वेळ लागतो, म्हणून फोनवर पत्त्याबरोबर जवळची ठळक खूण, मजला आणि आत सिलिंडर किती ते सांगा आणि एकानं गल्लीच्या तोंडाशी उभं राहा.

कपडे पेटले तर धावू नका. जमिनीवर पडून लोळा; दुसऱ्यानं सुती चादर किंवा घोंगडी गुंडाळावी. नायलॉनचा गाऊन आणि लोंबती ओढणी ओट्यापाशी नकोच. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.

भाजल्यावर

भाजलेल्या जागी वीस मिनिटं गार पाणी. नागपुरात इथे एक अडचण येते: मे महिन्यातल्या दुपारी टाकीतून नळाला येणारं पाणी चटका बसण्याइतकं गरम असतं. माठातलं किंवा सावलीतल्या बादलीतलं साठवलेलं पाणी घ्या. बर्फ नको, त्यानं कातडीला वेगळी इजा होते. टूथपेस्ट, हळद, तूपही नको. डॉक्टरांना आधी ते खरवडून काढावं लागतं. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठ्या काढा, चिकटलेलं कापड ओढू नका, स्वच्छ ओलसर कापडानं सैल झाका. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर १०८ लावा.

आग विझल्यानंतर

शेगडी लगेच लावू नका. आगीजवळ आलेली नळी वरून चांगली दिसली तरी आतून कडक झालेली असू शकते. ती आणि रेग्युलेटर दोन्ही बदला, सिलिंडर वितरकाकडून तपासून घ्या. इलेक्ट्रिशियननं बघितल्याशिवाय त्या भिंतीतली वीज चालू करू नका. पावडर वापरली असेल तर आधी ती कोरडी झाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा, कारण ओलाव्यानं ती धातू गंजवते. तिथे उघडं असलेलं अन्न आणि तेल फेकून द्या. आणि लाल डबा दोन सेकंदच वापरला असला तरी भरायला द्या. एकदा दाबल्यावर त्याचा दाब हळूहळू निघून जातो.